साबण माझा, पाणी बीडचं

मला सांगा, कपडे धुण्याचा साबण हा काय शोधाशोध करण्याचा विषय आहे? मोबाईल घेताना चार दुकानं पालथी घालावीत, जीन्स घेताना सहा ट्रायल घ्याव्यात, ठीक आहे. पण साबण? आई आणेल तो, नाहीतर ज्याच्यावर बादली फ्री असेल तो! माझं तरी पंचवीस वर्षं हेच धोरण होतं. मग पुण्यातल्या एका उन्हाळ्यात कोपराच्या लवणीत, मानेवर आणि जीन्स घासते तिथे कमरेवर लाल चट्टे उठले. मीटिंगमध्ये मी प्रेझेंटेशन कमी आणि खाजवणं जास्त करायला लागले, तेव्हा स्किनच्या डॉक्टरांकडे जावंच लागलं.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकाल दिला. 'सेन्सिटिव्ह स्किन आहे. सुगंधी पावडर आणि कंडिशनर बंद. कपडे एक पाणी जास्त घेऊन खळबळा.' आता सेन्सिटिव्ह हा शब्द आपल्याबद्दल कुणी वापरला की जरा बरंच वाटतं, नाही का? मी लगेच कामाला लागले. वनस्पती तेलांपासून बनवलेला, बिनवासाचा, बिनरंगाचा साबणाचा किस मागवला. पुठ्ठ्याच्या खोक्यात, आत प्लास्टिकचा कपटासुद्धा नाही. किंमत आईला सांगितली नाही. महिन्याभरात चट्टे गेले. वर पर्यावरणाची सेवा झाली ती वेगळीच. ऑफिसात मी दोघीतिघींना या विषयावर लेक्चरही देऊन टाकलं.

मग दिवाळीला बीडला गेले. वर्क फ्रॉम होमची कृपा, त्यामुळे चांगला महिनाभर मुक्काम. सोबत अर्थात माझं खोकं. आईला ऐटीत म्हटलं, 'माझे कपडे यातच धुवायचे हं.' दहाव्या दिवशी मान लाल! साबण तोच, कपडे तेच, मीही तीच. टॉवेल मात्र पापडासारखा कडक झालेला आणि पांढऱ्या कुर्त्यावर एक करडी, चिकट कळा आलेली.

बदललं होतं ते फक्त पाणी.

हे मला सुचलं तेही उशिरा. मग शाळेतला प्रयोग आठवला. दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या. एकीत आमच्या बोअरचं पाणी, दुसरीत प्यायच्या जारचं. दोन्हींत चिमूटभर किस टाकला आणि हलवायला सुरुवात केली. आई दारात येऊन उभी. 'काय करायलीस गं बाटल्या घेऊन?' जारच्या पाण्यात मस्त फेस आला. बोअरच्या पाण्यात फेस नावालाच, आणि वर फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या. आई म्हणाली, 'हे तर मी चाळीस वर्षं बघायलेय. मला विचारलं असतं तर बाटल्या तरी खराब झाल्या नसत्या.'

झालं होतं ते असं. पुण्याच्या नळाला येतं ते खडकवासल्याचं, म्हणजे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं पाणी. ते मऊ असतं. आमचं बोअरचं पाणी काळ्या खडकाच्या फटींमधून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. हेच जड पाणी. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. खरा साबण, म्हणजे तेल आणि कॉस्टिकचा, या कॅल्शियमला भेटला की त्याची न विरघळणारी साय होते. ती कपड्याच्या धाग्यात जाऊन बसते आणि कितीही खळबळलं तरी पुरती निघत नाही. मग तोच कपडा दिवसभर अंगाला घासतो. डिटर्जंटचं तसं होत नाही. त्यातला मुख्य घटक बहुधा पेट्रोलियमपासूनच बनतो, पण तो जड पाण्यात अशी साय धरत नाही. म्हणजे बघा गंमत! माझा सात्त्विक, महागडा, झाडापानांचा साबण बीडच्या पाण्यात त्या 'केमिकल'वाल्या पावडरपेक्षा वाईट वागत होता.

यावर जगात अभ्यासही झालेत. शेफिल्ड विद्यापीठ आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की जड पाण्याने धुतलं की साबणातल्या फेसकारी द्रव्याचा जास्त अंश त्वचेवर राहतो आणि एक्झिमा असलेल्यांना त्याचा त्रास जास्त होतो. पण २०११ साली इंग्लंडमध्ये एक्झिमाच्या मुलांच्या घरी पाणी मऊ करण्याची यंत्रं बसवून पाहिली, तर मुलांना वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे सगळं खापर पाण्यावर फोडता येत नाही. साबणावरही नाही. अमेरिकेत २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, त्वचेच्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांपैकी डिटर्जंटची खरीखुरी ऍलर्जी एक टक्क्याहूनही कमी जणांत निघाली. बाकीच्यांचं काय? घाम, घर्षण, सुगंध आणि कपड्यात राहून गेलेला साबण. मापापेक्षा जास्त पावडर टाकली की कपडे जास्त स्वच्छ होतात, हा आपला लाडका गैरसमज. जास्त होतो तो फक्त मागे राहणारा अंश.

मग एक पाणी जास्त घेऊन खळबळायचं. डॉक्टरांनी सांगितलं तेच. पण हा सल्ला पुण्याचा! आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्याकडेही टँकरचेच दिवस होते. त्या वर्षी आई कपडे एकाच पाण्यातून काढायची. आजही तिची बादल्यांची रांग ठरलेली आहे. शेवटच्या कपड्यांचं स्वच्छ पाणी पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला, ते पाणी पायपुसण्यांना, आणि उरलेलं संडासात. तिला 'एक्स्ट्रा रिन्स' सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मग शोध सुरू झाला नव्याने. सुभाष रोडवरच्या दुकानातून रिठे आणले. सुटे, कागदाच्या पुडीत, प्लास्टिक शून्य. आजीच्या शाली आणि आईचे रेशमी शालू रिठ्यातच निघायचे, सोनारही दागिने रिठ्यानेच उजळतात. त्याचा फेस जड पाण्यात फाटत नाही, हा मोठाच गुण. आठ-दहा रिठे बिया काढून रात्री भिजवायचे, सकाळी उकळायचे, गाळायचे. पण खरं सांगते, हे रोजचं काम नाही. काढा दोनतीन दिवसांत आंबतो, तेलाचे डाग जात नाहीत आणि डोळ्यात उडाला तर आई आठवते. माझे कुर्ते, आतले कपडे आणि टॉवेल यांच्यासाठी मात्र उत्तम.

दुसरा उपाय धुण्याचा सोडा. बादलीभर बोअरच्या पाण्यात चमचाभर टाकून पाव तास ठेवला की कॅल्शियमचा पांढरा गाळ खाली बसतो. वरच्या पाण्यात मग साबण निम्मा लागतो. साबण कमी म्हणजे खळबळायला पाणी कमी. मला वाटलं, जिंकलो! मी मोठ्या उत्साहाने हे धुण्याच्या मावशींना समजावून सांगायला गेले.

मावशी आमच्याकडे कितीतरी वर्षांपासून आहेत. आमचं धरून चार घरं. मी सोड्याचं प्रवचन देत असताना त्यांनी बादलीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. तेव्हा मी पहिल्यांदा ते हात नीट पाहिले. बोटांच्या पेरांवर भेगा, अंगठ्याजवळची कातडी सोललेली, एके ठिकाणी रक्त साकळलेलं. सोडा साबणापेक्षाही तीव्र अल्कली. भेगेत गेला की आगच.

'मावशी, हे कधीपासून?'

'ह्ये व्हय? ह्ये असतंयच ताई. आमची कामाची कातडी. ऊसतोडीला जायचो तवा पाचटानं हात कापायचे, कोयत्यानं फोड यायचे. त्याच्यापुढं साबण म्हंजे काहीच न्हाई.'

मी गप्प झाले. माझ्या कपड्यांत साबणाचा जो अंश राहतो, त्याच्यासाठी मी डॉक्टर, पुठ्ठ्याचं खोकं, इंग्लंड-अमेरिकेचे अभ्यास इतकं सगळं केलं. आणि अख्खा साबण ज्यांच्या हातावर रोज तीन-चार तास असतो, त्यांच्या त्वचेला सेन्सिटिव्ह म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मलाही नाही. पाकिटावर 'त्वचेला सौम्य' असं लिहिलेलं असतं ना, ते कपडे घालणाऱ्याच्या त्वचेबद्दल असतं की धुणाऱ्याच्या?

त्या दिवसापासून आमच्या घरातल्या साबणाच्या निवडीची अटच बदलली. आधी मावशींचे हात, मग माझी मान. रबरी हातमोजे आणले, ते त्यांनी दोन दिवसांत काढून ठेवले. 'कापड हातात गावत न्हाई.' मग चादरी, जीन्स, टॉवेल मशीनमध्ये गेले. सोडा मी स्वतः टाकते आणि गाळ बसल्यावर वरचं पाणी फक्त मशीनला जातं. हाताने धुवायच्या कपड्यांना बिनवासाची, बिनरंगाची साधी डिटर्जंट पावडर, तीही चमच्याने मोजून. काम झालं की साध्या पाण्याने हात धुऊन लगेच खोबरेल. त्यांना आमच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेले. त्यांनी मलम दिलं आणि हात जितका कमी वेळ ओला राहील तितकं बरं, असं सांगितलं. बाकीच्या तीन घरांतल्या साबणाचं काय करायचं, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.

प्लास्टिकचं काय, असं तुम्ही विचारालच. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानासमोर पावडरच्या छोट्या पुड्यांच्या माळा लटकतात. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, २०२२ साली देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली, पण या माळा जागेवरच आहेत. रोजच्या कमाईतून रोजचा साबण घेणाऱ्याला पाच किलोची पिशवी घ्या असं सांगणं सोपं नाही. आपल्याला परवडत असेल तर आपण तरी मोठी पिशवी घ्यावी. किलोमागे प्लास्टिक कमी लागतं. पाण्यात विरघळणाऱ्या साबणाच्या पट्ट्याही मी बघितल्या, पण त्या ज्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या बनतात तेही कृत्रिम पॉलिमरच, फक्त विरघळणारं. दिसत नाही म्हणजे संपलं असं नाही. आणि 'इको', 'हर्बल', 'नॅचरल' हे शब्द वाचून तर काहीच ठरवू नका. सरकारचा इकोमार्क १९९१ पासून आहे, चिन्ह मातीच्या मडक्याचं. पुढच्या वेळी दुकानात शोधून बघा, दिसतोय का ते!

आता शेवटची गोष्ट. हा सगळा उद्योग चालू असताना मी आईला विचारलं, आपलं धुण्याचं पाणी जातं कुठे? नाल्यात. नाला बिंदुसरेत. बिंदुसरा पुढे सिंदफणेला मिळते. सिंदफणेवर माजलगावचं धरण. आणि बीड शहराला पिण्याचं पाणी येतं ते याच धरणाच्या बॅकवॉटरमधून! मधे अंतर आहे, शुद्धीकरण आहे, मान्य. पण जे मोरीत ओततो, ते फिरून आपल्याच नळाच्या दिशेने निघतं, हे नकाशावर बोट फिरवून बघितल्यावर चमचा आपोआप सपाट भरला जातो.

आई लहानपणी याच बिंदुसरेवर धुणं घेऊन जायची. दगड, धोपाटणं आणि साबणाची एक वडी, ती सगळ्यांत पुरवायची. मी म्हटलं, 'आई, तू तर तेव्हापासूनच इको-फ्रेंडली.' ती म्हणाली, 'फ्रेंडली कशाची? साबण महाग होता.'

पुठ्ठ्याचं खोकं पुण्यातच ठेवलंय. तिथल्या पाण्यात ते छान चालतं. बीडला जाताना आता बॅगेत मावशींसाठी मलमाची ट्यूब असते. गेल्या खेपेला मी त्यांचे हात हातात घेऊन बघत होते, तर त्या संकोचून म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या ताई. तुमची मान बरी हाय का?'