वाऱ्याशी दोस्ती

बेळगावकरांना गोवा नवा नाही. चोर्ला घाट उतरला, साखळी मागे पडली की पणजी आलीच. पण आपला गोवा म्हणजे मंगेशी, शांतादुर्गा, मिरामारची संध्याकाळ आणि परतताना काजूची पिशवी. यंदा मे महिन्यात धारवाडच्या भाच्याला घेऊन गेलो, तेव्हा मिरामारच्या पुढे करंजाळ्याच्या किनाऱ्यावर वेगळाच गोवा पाहिला.

सकाळी समुद्र अगदी निवांत होता. बारा वाजून गेले, वाळू तापली आणि पाण्यावरून वारा सुटला. शाळेत भूगोलात 'खारे वारे' पाठ केले होते, तेच हे! भाचा ओरडला, "मामा, गाळी बंतु!" तेवढ्यात आठ-दहा मुलं शिडाच्या फळ्या घेऊन पाण्यात उतरली.

विंडसर्फिंगच्या फळीला सुकाणू नसतं. शिडाची काठी फळीवर अशा सांध्याने बसवलेली असते की ती चहूबाजूंना कलते. शीड पुढे झुकवलं की फळीचं तोंड वाऱ्यापासून दूर वळतं, मागे घेतलं की वाऱ्याकडे. इंजिन नाही, पेट्रोल नाही. सगळा कारभार आपल्या हातापायांचा आणि डोक्याचा.

तिथले शिकवणारे गृहस्थ मात्र फारसे खूश नव्हते. "मुलं येतात, पण टिकत नाहीत," ते म्हणाले. "जेट स्कीवर बसलं की पाच मिनिटांत मजा. इथं पहिले दोन दिवस पडण्यात आणि शीड पाण्यातून ओढून उभं करण्यात जातात."

हे दुखणं गोव्यापुरतं नाही. 1960च्या दशकात अमेरिकेत जन्मलेला हा खेळ 1984 साली ऑलिंपिकमध्ये आला. युरोपात त्याचं वेड लागलं होतं. पुढे फळ्या आखूड झाल्या, जोराच्या वाऱ्याशिवाय चालेनात, महागही झाल्या. नवशिक्यांची वाट बिकट झाली. त्यात पतंगाच्या जोरावर धावणारं काइटसर्फिंग आलं. 2012च्या मे महिन्यात तर विंडसर्फिंगला ऑलिंपिकमधून काढून काइटला जागा देण्याचा निर्णयही झाला होता. नोव्हेंबरमध्ये तो फिरवला गेला.

मुलांना परत आणायला दोन वाटा निघाल्या. एक, पॅरिसच्या 2024 ऑलिंपिकमध्ये आलेली आयक्यूफॉइल फळी. तिच्याखाली पंखासारखं पातं असतं, त्यामुळे वेग येताच ती पाण्यावर उचलली जाते. पाहताना डोळ्यांचं पारणं फिटतं, पण किंमत दमछाक करणारी. दुसरी वाट साधी : मुलांसाठी टेक्नो 293सारखी स्थिर फळी, वयाला झेपेल एवढं शीड आणि सर्वांना सारखीच साधनं. मला दुसरी वाट जास्त पटते. मूल आधी पाण्यावर उभं तर राहू दे. उडण्याचं नंतर पाहू.

गोव्याच्या कात्या आणि डेन कुएल्हो या भावंडांनी 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत विंडसर्फिंगमध्ये भारताचं प्रतिनिधित्व केलं. 2023 साली झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ईबाद अलीने याच खेळात कांस्यपदक आणलं. त्याच स्पर्धेत शिडाच्या होडीत रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर तर मध्य प्रदेशातल्या देवासची, भोपाळच्या तलावावर तयार झालेली! म्हणजे समुद्र दारात नसला तरी अडत नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा मोजून तेवीस वेळा पडला. चोविसाव्या खेपेला शीड भरलं आणि तो पन्नासेक पावलं सरळ गेला. रात्री जेवताना त्याने विचारलं, "मामा, धारवाडजवळ कुठं?" मला चटकन उत्तर देता आलं नाही.

पाणी आपल्याकडेही आहे. मलप्रभेवर नविलुतीर्थ आहे, घटप्रभेवर हिडकल आहे. हवा आहे तो जाणता शिक्षक, सोबतीला सुरक्षा-होडी, अंगात लाइफ जॅकेट, रीतसर परवानगी आणि चार-सहा फळ्या सामायिक ठेवणारं मंडळ. पालकांनीही एवढं करावं : आधी मुलाला नीट पोहायला शिकवावं आणि पहिल्या दोन दिवसांच्या पडण्याला घाबरून त्याला घरी आणू नये.