बसणे आणि जमणे

ट्रकच्या इंजिनात स्पार्क प्लग असतो, हे विधान आजच्या वाचकास चुकीचे वाटण्याचा संभव आहे. आपल्या रस्त्यांवरचे बहुतेक ट्रक डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेट घेते. परंतु १९५४ मध्ये टाटांनी डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधायला घेतले, त्याआधीचा आणि नंतरचाही काही काळ पेट्रोलच्या ट्रकांचा होता. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो या अमेरिकी गाड्या जुळवल्या. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेली एसटीची पहिली गाडी बेडफर्ड होती. यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. तरी मोटार इथेही पोचली होती आणि कापसाच्या या जिल्ह्यात तिला काम कमी नव्हते.

आमच्या घरी त्या पिढीची एक फार्गो अजून उभी आहे. आजोबांनी ती जुनी म्हणूनच विकत घेतली. जिनिंगमधून निघालेल्या रुईच्या गाठी यवतमाळहून धामणगावच्या रेल्वेस्थानकावर नेणे, हे तिचे काम. आज ती माल वाहत नाही. महिन्यातून एकदा शेतापर्यंत जाते आणि परत येते. दसऱ्याला तिच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढते. गेल्या वर्षी ती ‘मिसिंग’ मारू लागली आणि घरात जुना वाद पुन्हा निघाला. पुतण्याचे म्हणणे असे, की पेट्रोलचे इंजिन काढून एखादे जुने डिझेल इंजिन बसवावे. गाडी दिसायला तीच राहील, खर्च निम्मा होईल. या युक्तिवादात खोट काढणे सोपे नव्हते. मात्र आम्हा उभयतांना (आम्ही दोघेही मराठी शिकवतो) एवढेच वाटत होते, की निदान सहा प्लग बदलून पाहावेत. प्लग चुकीचा पडला आणि एखादा पिस्टन जळाला, तर तसा पिस्टन पुन्हा मिळणार नव्हता आणि वाद तिथेच निकालात निघाला असता. म्हणून प्लगची निवड ही आमच्यासाठी नुसती खरेदी राहिली नाही.

दुकानदाराने गाडीचे नाव ऐकून कपाळाला आठी घातली आणि स्कूटरचा प्लग पुढे केला. आटे १४ मिलिमीटरचे, आमच्या गाडीचेही १४. हाताने फिरवून पाहिला, तर सहज आत गेला. तो घेऊन आम्ही मिस्त्रीकाकांकडे गेलो. काकांचे वय ऐंशीच्या घरात. साठच्या दशकात पोरवयात ज्या गॅरेजात ते लागले, तिथे पेट्रोलचे ट्रक रोज येत. त्यांनी प्लग हातात घेऊन अंगठ्याच्या नखाने आट्यांची लांबी मोजली आणि परत दिला. म्हणाले, “आट्यात बसते सर, पन जमत नाही.”

या दोन क्रियापदांमधला फरक आम्ही वर्गात इतक्या थोड्या शब्दांत कधी सांगू शकलो नसतो. स्कूटरच्या त्या प्लगचा आटा साधारण १२.७ मिलिमीटर लांब असतो. आमच्या इंजिनाला साडेनऊचा लागतो. उरलेले तीन मिलिमीटर दहनकक्षात लोंबतात. हे इंजिन जुन्या ‘फ्लॅटहेड’ घडणीचे, म्हणजे त्याच्या झडपा वरच्या हेडात नसून खाली ब्लॉकमध्ये. कक्ष बसका, जागा बेताची. पुढे आलेल्या आट्यांवर काजळी बसते, ते तापून लाल होतात, आणि ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटू लागते. पिस्टन वर येत असतानाच वरून स्फोटाचा घाव बसतो. ही झाली लांबीची गोष्ट. दुसरी त्याहून सूक्ष्म, आणि भाषेच्या माणसांना अधिक मोहात पाडणारी.

प्लग ‘गरम’ असतो किंवा ‘थंड’. ऐकणाऱ्याला वाटते, गरम प्लग म्हणजे मोठी, जळजळीत ठिणगी देणारा. तसे मुळीच नाही. ठिणगीशी या विशेषणांचा संबंधच नसतो. प्लगच्या टोकाशी जे पांढरे चिनीमातीसारखे नाक असते, ते लांब असेल तर त्यातली उष्णता हळूहळू निघून जाते आणि टोक तापलेले राहते. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता झटकन धातूत उतरते, तो थंड. हे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर स्वतःवरची काजळी स्वतःच जाळून टाकते. ८५० अंशांच्या पलीकडे गेले, तर तेच निखारा होऊन अवेळी पेट देते. या दोन मर्यादांच्या मध्ये टोकाला ठेवणे, एवढेच निवडीचे सार. गाठी लादून चढ चढणाऱ्या इंजिनाला थंड प्लग हवा. सावकाश, थोडेसे धावणाऱ्याला गरम.

हा गुण प्लगवर अंकाने लिहिलेला असतो, आणि इथे सोस्यूर शिकवणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाने थोडे थांबावे. चॅम्पियन कंपनीचा अंक वाढला की प्लग गरम होतो. एनजीकेचा अंक वाढला की थंड होतो. बॉशची तर कथाच न्यारी. भारतात ज्यांना सगळे ‘मायकोचे प्लग’ म्हणत, त्यांवर पूर्वी १७५, २२५ असे मोठे अंक असत आणि मोठा अंक म्हणजे थंड प्लग. पुढे त्याच घराण्याने एकेरी अंक आणले. १७५ चा ७ झाला, २२५ चा ५ झाला. म्हणजे आता मोठा अंक गरम. वस्तू तीच, कारखाना तोच, चिन्हाचा अर्थ उलटला. चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो, तो व्यवस्थेतून येतो, हे विद्यार्थ्यांना सांगताना आम्ही वर्षानुवर्षे झाडाचे उदाहरण देत आलो. आता प्लगचे देतो. विदर्भातल्या मुलामुलींना ते अधिक लवकर कळते, असा अनुभव आहे. बहुतेकांनी घरच्या दुचाकीचा प्लग कधी ना कधी पुसलेला असतो.

असो. नवा प्लग निवडायचा, तर आधी जुना वाचावा लागतो. काकांनी सहाही प्लग काढून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडायला लावले. रेडिएटरकडचा पहिला, ड्रायव्हरकडचा सहावा. त्यांची नजर आता अधू झाली आहे. बारीक रंग त्यांना उमगत नाहीत. “तुमीच सांगा मॅडम, कोनता रंग हाय?” पहिल्या प्लगकडे पाहून उत्तर गेले, तपकिरी. “तपकिरी म्हनजे कोनता? चहा का काथ? का शेंगदान्याचं फोलपट?” मग सुमारे अर्धा तास आम्ही दोघे रंगांसाठी शब्द शोधत होतो. पहिला आणि दुसरा भाजलेल्या शेंगदाण्याच्या फोलपटासारखे. तिसरा, चौथा, पाचवा काळे, पण कोरडे. तव्याच्या बुडासारखे, बोट फिरवले तर पूड निघणारे. सहावाही काळाच, पण त्याचे काळेपण ओले होते, बैलगाडीच्या आसावर वंगण साचते तसे. आमच्या दृष्टीने चार काळ्यांत फरक फार नव्हता. काकांच्या दृष्टीने ते दोन वेगळे रोग होते. कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा प्लग फार थंड. ओली म्हणजे रिंगा झिजून तेल वर येत आहे. ‘काळा’ या एका शब्दावर आम्ही थांबलो असतो, तर निदान तिथेच फसले असते.

फोलपटाचा तो रंग म्हणजे तब्येत ठीक, असे जुनी पुस्तके सांगतात. पण ती पुस्तके शिसे घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. शिशाचे जे थर प्लगला रंग देत, ते आता पडत नाहीत, म्हणून निरोगी प्लगही पूर्वीपेक्षा फिकट दिसतो. त्यात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. इथेनॉल आपल्यासोबत प्राणवायू घेऊन येते. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून गेलेले मिश्रण पूर्वीपेक्षा विरळ ठरते. विरळ मिश्रणाने प्लग अधिक पांढरा पडतो. थोडक्यात, संहिता जुनी, वाचनाचा संदर्भ नवा. सत्तर वर्षांपूर्वीचा रंगतक्ता आजच्या प्लगला जसाच्या तसा लावणे, म्हणजे संतांच्या ओवीतला शब्द आजच्या कोशातून वाचण्यासारखे आहे.

मग पुस्तिकेतला प्लग घ्यावा की आजच्या इंजिनाला हवा तो? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. या जातीच्या इंजिनांत चॅम्पियनचा जे-८ सर्रास चाले. गंमत अशी, की जवळजवळ त्याच मापाचा प्लग आजही बनतो. मात्र तो गवत कापण्याच्या यंत्रांसाठी विकला जातो. धामणगावला गाठी नेणाऱ्या गाडीचा वारस हिरवळीवर सापडावा, यात थोडा विनोद आणि थोडा दिलासा आहे. तो मागवता येत होता. तरीही काका म्हणाले, की जे-८ हा लादलेल्या गाडीचा प्लग. तुमची गाडी रिकामी, महिन्यातून दोन कोस. टोक तापणारच नाही, काजळी परत येईल.

त्यांचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा होता. त्यांनी आधी चोक नीट उघडतो का ते पाहिले, मग कार्बोरेटर साफ करून तेलाची पातळी लावली, मग पॉइंट घासले. या सर्वांनंतर कोरडी काजळी कमी झाली, पण गेली नाही; तेव्हाच त्यांनी प्लगवर बोट ठेवले. प्लग हा आधी साक्षीदार असतो, औषध नंतर. साक्षीदार बदलून खटला जिंकता येतो, रोग मात्र आत राहतो. शेवटी पाच कक्षांसाठी पुस्तिकेपेक्षा एक पायरी गरम प्लग ठरले; दोन पायऱ्यांवर जायला त्यांनी इथेनॉलमुळे नकार दिला. फट पुस्तिकेतलीच ठेवली, ०.०२५ इंच, फिलर गेजने प्रत्येकी दोनदा तपासून.

सहाव्याचे काय? तेल चढणाऱ्या कक्षात आणखी गरम प्लग घालायचा, म्हणजे तेल जळत राहते आणि गाडी सहाही कक्षांवर चालते, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत. पण ती रोग लपवते. आमच्यात यावर मतभेद झाला. एकाचे म्हणणे, सहाही सारखे असावेत. एक वेगळा ठेवला की उद्या पाहणारा फसेल. दुसऱ्याचे म्हणणे, सहावा वेगळा आहेच. तो सारखा असल्याचे सोंग हीच फसवणूक. काकांनी दोघांचे ऐकले आणि व्यवहाराचे सांगितले. रिंगा पुढल्या हिवाळ्यात बदलू, तोवर सहाव्याला गरम प्लग, “पन लिहून ठेवा.”

आम्ही लिहून ठेवले. संहितेची चिकित्सक आवृत्ती काढणारा अभ्यासक मूळ पाठ बदलतो, तेव्हा तळटीपेत पाठभेद आणि कारण देतो; तेवढ्याने त्याचा बदल प्रामाणिक ठरतो. बॉनेटच्या आतल्या बाजूला पत्र्याचा तुकडा लावून त्यावर ऑइल पेंटने तारीख, प्लगचा अंक, कोणत्या कंपनीच्या रीतीने तो वाचायचा, फट, आणि ‘सहावा मुद्दाम वेगळा, तेल चढते, रिंगा बाकी’ एवढा मजकूर लिहिला आहे. गाडी सध्या सहाही कक्षांवर चालते. पुतण्याचा डिझेलचा प्रस्ताव मागे पडलेला नाही, पुढे ढकलला गेला आहे, आणि त्याचे बोलणे अजूनही निराधार म्हणता येत नाही. मात्र पत्र्यावरची अक्षरे रंगवायला ब्रश त्यानेच धरला. काकांनंतर हे इंजिन वाचणारा कोणी लागणारच आहे, आणि ‘बसते’ व ‘जमते’ यांतला फरक त्याला ठाऊक असलेला बरा.