बाप

बाप लातूरला आडतीवर हमाल होता. सभेत कधी बोलला नाही. पाठीवर तुरीचं पोतं, डोक्यात लेकरांच्या फीचा हिशेब. मला शिकायला नांदेडला धाडलं.

२७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला अन् मराठवाडा पेटला. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत मातंग समाजाच्या पोचिराम कांबळेंना मारलं. बातमी कळली त्या दिवशी बाप जेवला नाही.

"त्योबी लेकरांचा बापच व्हता रं," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत पोतं उचललं. मला निरोप धाडला, मोर्चातून माघारी फिरू नको, घरचं मी बघतो.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. बाप त्याआधीच गेला.

दोस्तांनो, शहिदांची नावं आपल्याला पाठ आहेत. आपण मोर्चात असताना घरची चूल कुणी पेटती ठेवली, तेही लिहून ठेवा.