नाव तेच, कर्ज दुसऱ्याचं

१ जून ही जन्मतारीख असलेली माणसं आमच्या तासगाव भागात घरोघरी सापडतात. शाळेत नाव घालताना पालकांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी जनरल रजिस्टरला १ जून लिहायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जुनी रजिस्टरं काढली की पानंच्या पानं या एकाच तारखेची दिसतात. हीच तारीख माझ्या थोरल्या भावाचं घरकर्ज अडवेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

दादाचं पंप आणि पाइप फिटिंगचं दुकान आहे. घरावर मजला चढवायचा म्हणून त्यानं बँकेत फाइल दिली, ती परत आली. “सिबिल बसत नाही,” एवढंच साहेब म्हणाले. ही बातमी कुठून फुटली कोण जाणे, पण थोड्याच दिवसांत सिबिल वाढवून देणारा एक एजंट दुकानात येऊन बसला. बारा हजार रुपये, निम्मे आगाऊ. आधार आणि पॅनची झेरॉक्स द्यायची, आणि तो मागेल तेव्हा मोबाइलवरचा ओटीपी सांगायचा. “दोन महिन्यांत साडेसातशेच्या वर नेतो, ताई, काळजीच करू नका,” असं तो मला म्हणाला. दादा पैसे द्यायला निघालाच होता. मी म्हटलं, आधी त्या सिबिलच्या रिपोर्टमध्ये, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीत, काय लिहिलंय ते आपण वाचू.

रिपोर्ट फुकट मिळतो. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. सगळे पाहतात तो पहिल्या पानावरचा आकडा, ३०० ते ९०० मधला. खरी माहिती पुढच्या पानांवर असते: प्रत्येक कर्जाचं खातं, आणि त्याखाली महिन्यामहिन्याच्या चौकटीत हप्ता किती दिवस थकला ते. आम्ही प्रिंट काढून एकेक चौकट पेन्सिलीनं तपासली.

दोन खाती आकड्याला खाली ओढत होती. एक होतं ट्रॅक्टरचं कर्ज, एका फायनान्स कंपनीच्या जतच्या शाखेतलं, थकलेलं. दादाला ना शेती, ना ट्रॅक्टर. पण शेजारच्या वाडीत त्याच नावाचे, त्याच वडिलांच्या नावाचे, त्याच आडनावाचे एक गृहस्थ आहेत, आणि त्यांचीही जन्मतारीख १ जून आहे. त्या खात्यावर पॅन नंबरच नव्हता. नाव, तारीख, तालुका जुळला आणि त्यांचं कर्ज दादाच्या नावावर येऊन बसलं. दुसरं खातं मात्र दादाचंच: लॉकडाउनमध्ये दुकान बंद असताना थकलेलं क्रेडिट कार्ड. बँकेनं काही रक्कम सोडून देऊन तडजोड केली होती, म्हणून समोर ‘सेटल्ड’ असं लिहिलेलं.

एक नोंद खोटी, एक खरी. माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. खोटी नोंद काढायला एजंट लागत नाही, आणि खरी नोंद कुठल्याही एजंटला काढता येत नाही. मी त्याला विचारलं, ‘सेटल्ड’ कसं काढणार? “आत ओळख आहे,” म्हणाला. या कामात अशी ओळख चालत नाही. ज्यानं कर्ज दिलं त्यानं मान्य केल्याशिवाय सिबिल स्वतः एक अक्षर बदलत नाही.

ट्रॅक्टरच्या खात्यावर आम्ही वेबसाइटवरच ‘हे खाते माझे नाही’ अशी तक्रार टाकली. फी नाही. फायनान्स कंपनीचं उत्तर आलं, माहिती बरोबर आहे. दादा खचला. मला मात्र त्या उत्तराचा फार राग आला, कारण फाइल उघडून कोणी पाहिलीच नव्हती. कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला लेखी पत्र लिहिलं, पॅन आणि आधार जोडलं, मूळ अर्जावरचा फोटो आणि सही पडताळून पाहा असं मागितलं. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेशही त्यात लिहिला. मग जतच्या शाखेतून बोलावणं आलं. मॅनेजरनी फाइल आमच्या हातात दिली नाही, देणं योग्यही नव्हतं. त्यांनी फोटो पाहिला, मग दादाकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. “हे तुम्ही नाही,” म्हणाले. तिथेच बसून त्यांनी मुख्य कार्यालयाला मेल केला. इथेही अडलं असतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची माझी तयारी होती. २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही त्यांच्या कक्षेत आहेत, तक्रारीला पैसे पडत नाहीत, आणि १४४४८ या नंबरवर मराठीत बोलता येतं.

कार्डाचं काम सरळ होतं, पण खिशाला जड. सोडून दिलेली रक्कम भरली तर खातं ‘क्लोज्ड’ दाखवू, असं बँकेकडून आधी लेटरहेडवर लिहून घेतलं, मगच दादानं पैसे भरले. एजंटला द्यायचे ते बारा हजार त्यातच गेले. जुने थकलेले महिने तसेच दिसतात. ते नव्या, वेळेवर भरलेल्या हप्त्यांनीच मागे पडतील. २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती दिसायला पूर्वीसारखी वाट पाहावी लागली नाही. मजल्याचं कर्ज पुढच्या खेपेला मंजूर झालं, व्याज मात्र थोडं जास्त लागलं.

वाडीतल्या त्या गृहस्थांकडे आम्ही दोघं मुद्दाम जाऊन आलो. त्यांच्या खात्याला पॅन जोडला नाही तर उद्या तिसऱ्याच कुणाला त्रास होईल. त्यांनी चहा केला आणि ट्रॅक्टरचे कागद पुढे ठेवले. द्राक्षं पावसात गेली त्या वर्षी हप्ते थांबले होते. त्यांचा पॅन जोडायचा अर्ज तिथेच बसून मी लिहिला.

आता शाळेतले सहकारी आपापले रिपोर्ट घेऊन येतात. ज्यांचा गोंधळ नावाचा किंवा बंद झालेल्या खात्याचा असतो, त्यांना मी पत्र लिहून देते. परवा एकाच्या खात्यासमोर बँकेनं कोर्टात दावा लावल्याची नोंद होती, जामीनदार म्हणून. तिथे तक्रारीचा अर्ज पुरत नाही. त्याला मी सांगलीच्या वकिलांकडे पाठवलं आणि फी द्यायला मागेपुढे पाहू नको असं सांगितलं.