तीन दिवसांचा पगार

तो गोल कागद आठवला की अजूनही संताप येतो. भोसरीतला लहानसा कारखाना, मोटारींचे रोटर ओतायचं काम. डिप्लोमा झाल्या झाल्या मी तिथे शिकाऊ म्हणून चिकटलो होतो. मीटर रीडिंग घ्यायचं आणि वह्या भरायच्या. रोटरला लागतं शुद्ध ॲल्युमिनियम. भट्टी विजेची, 60 किलोवॉटची, एका वेळी 300 किलो माल.

रात्रपाळीला भट्टीवर मामा असत. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. दुसरी पाळी मूस रिकामी करून जायची, त्यामुळे थंड माल भरून पहिल्यापासून वितळवणं मामांच्याच वाट्याला. धातूच्या लाद्या ते आधी भट्टीच्या काठावर मांडून ठेवत, चांगल्या तापल्या की चिमट्याने एकेक मुशीत सोडत. लादीला ओल राहिली तर वितळलेला धातू उसळून अंगावर येतो. इतक्या जपून काम करणाऱ्या माणसाला मेमो मिळाला, तो झोपला म्हणून.

तापमान नोंदवायला गोल कागद आणि त्यावर फिरणारं लाल पेन होतं. एका सकाळी साहेबांनी कागद हातात घेतला. रेघ 660 अंशांपर्यंत नीट चढली होती आणि तिथून पुढे 50 मिनिटं आडवी. साहेबांनी माझ्याच वहीत गणित मांडलं. 300 किलो, विशिष्ट उष्मा 0.9, तापमान 30 वरून 660. उत्तर 1,70,100 किलोज्यूल, म्हणजे साधारण 47 युनिट. मीटरवर गेले होते 130. "झाकण उघडं टाकून झोप काढली याने," साहेब म्हणाले. तीन दिवसांचा पगार कापला.

मामा एवढंच म्हणाले, "साहेब, पोटात दगड असेस्तोवर काटा हलत नाही." कोणी ऐकलं नाही. पण गणितात जे सुटलं होतं ते नेमकं तेच होतं. 660 ला पोहोचलेलं ॲल्युमिनियम अजून घनच असतं. त्याचा रस व्हायला दर किलोला आणखी 397 किलोज्यूल लागतात आणि तेवढ्या वेळात तापमान जागचं हलत नाही. 300 किलोला ते झाले 33 युनिट. पुढे ओतण्यासाठी 720 पर्यंत न्यायला आणखी सहा. बेरीज 86. भट्टीच्या 60 किलोवॉटपैकी 40 च्या आसपास धातूत उतरतात, बाकीचे भिंतींतून आणि तोंडातून जातात. 130 चा हिशोब तिथेच पुरा होतो. आणि 33 भागिले 40 म्हणजे जवळजवळ 50 मिनिटं. आडवी रेघ तेवढीच होती!

हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोललो चौथ्या दिवशी. साहेबांनी वही दोनदा वाचली, मेमो फाडला आणि म्हणाले, पगारपत्रक गेलंय, आता बदलता येणार नाही. ते पैसे मामांना कधीच मिळाले नाहीत.

तापमान न वाढवता नुसतं वितळायला लागणारी ही उष्णता म्हणजे अप्रकट उष्मा, तो दहावीच्या पुस्तकात आहे. बर्फाचे ग्रॅमला 80 कॅलरी सगळ्यांनी पाठ केलेले असतात, साहेबांनीही केले असणार. जोसेफ ब्लॅकने 1760 च्या सुमारास ग्लासगोत एका चंबूत बर्फ आणि दुसऱ्यात बर्फाइतकंच गार पाणी ठेवून पाहिलं. पाणी अर्ध्या तासात जितकं तापलं तितकं तापायला बर्फाला साडेदहा तास लागले. एवढी जुनी गोष्ट! शाळेत ती बर्फापुरतीच राहते, म्हणून मेण, शिसं, काहीतरी दुसरं वितळवून मुलांना तो थांबलेला काटा दाखवायला हवा. आणि भट्टीवरच्या माणसाला त्याचा कागद रोज दाखवायला हवा, त्याच्याकडून समजून घ्यायला हवा. मेमो लिहायच्या आधी.

साहेबांना मी वर्षानुवर्षं मनात शिव्या दिल्या. आता दुसऱ्या कारखान्यात भट्ट्या माझ्या हाताखाली आहेत. कागद गेला, रेघ संगणकावर दिसते. परवा रात्री ती 58 मिनिटं आडवी होती. लाद्या थंड असतील, माल जास्त भरला असेल, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी फोन उचलला आणि भट्टीवरच्या पोराला पहिला प्रश्न विचारला, "जागा आहेस ना रे?"