राखणदाराची ओळख चुकते तेव्हा

माउली, परमार्थात आपपरभाव गळावा, असे आपण म्हणतो. पण देहाच्या राखणदाराला, म्हणजे प्रतिकारशक्तीला, आपले कोण नि परके कोण हे ओळखावेच लागते. ल्युपस नावाच्या आजारात तिची हीच ओळख चुकते. हा आजार बहुतेक करून तरुण वयातल्या स्त्रियांना होतो.

माझ्या सुनेला तो २६व्या वर्षी निघाला. दुखत होते सांधे, पण डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली, तेव्हा आम्हाला नवल वाटले. त्यामागचे कारण त्यांनी समजावले, ते तुम्हालाही सांगतो.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. टाकाऊ ते बाहेर सोडायचे, प्रथिने आत राखायची, हे त्यांचे काम. ल्युपसमध्ये शरीर आपल्याच पेशींतल्या द्रव्यांविरुद्ध, अगदी डीएनएविरुद्धही, प्रतिपिंडे तयार करते. या प्रतिपिंडांच्या आणि त्या द्रव्यांच्या जोड्या गाळण्यांत साचतात. मग रक्तातली काही प्रथिने जागी होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि शत्रू नसतानाच लढाई जुंपते. गाळण्या सुजतात, प्रथिने आणि रक्त लघवीवाटे जाऊ लागते. हे फार दिवस चालले तर वण पडतात, आणि वणाने निकामी झालेली गाळणी पुन्हा कामाला येत नाही.

हे सारे बहुधा मुकाट्याने होते. लघवीला फेस, पापण्यांवर किंवा पावलांवर सूज, वाढलेला रक्तदाब, या खुणा दिसेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेले असू शकते. म्हणून ल्युपस असणाऱ्याने काही त्रास नसतानाही डॉक्टर सांगतील तेव्हा लघवी तपासून घ्यावी.

औषधांनी सुनेची सूज उतरली. दिंडीतल्या एक मावशी मायेने म्हणाल्या, "पोरी, आता गोळ्या सोड, पांडुरंगावर भार टाक." ती म्हणाली, "मावशी, भार त्याच्यावरच आहे. गोळी घ्यायचे काम तेवढे माझ्याकडे दिलंय."

खरेच आहे. स्टेरॉइडसारखी गोळी मनाने एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकते. कडक ऊन हा आजार चेतवते. वाटेत पाय दुखले म्हणून कोणी दिलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडांना बाधू शकते.

तुमच्या दिंडीत अशी कोणी लेक असेल, तर तिच्या डोक्यावर छत्री धरा, आणि मुक्कामाला पोचल्यावर एवढेच विचारा, "बाळ, आजची गोळी घेतलीस ना?"