उलटी गाडी, सुलटे प्रश्न

प्रत्येक ट्रेनी पत्रकाराच्या वाट्याला एक चौकट येते. पानाच्या खालच्या कोपऱ्यातली जाहिरात ऐनवेळी रद्द झाली, की तिथे साठ-सत्तर शब्दांचं भोक पडतं आणि ते बुजवायचं काम सगळ्यांत ज्युनिअर माणसाच्या गळ्यात. 'तुम्हाला माहीत आहे का?' टाइप. २०१९ मध्ये एका पेपरच्या पुरवणीत मी अशी भोकं बुजवत होते. एका संध्याकाळी डेडलाइनला वीस मिनिटं उरलेली असताना मी लिहिलं, 'फॉर्म्युला वनची गाडी रस्त्याला इतक्या जोरात चिकटते, की ती बोगद्याच्या छतावरून उलटी धावू शकते!'

त्यातलं उद्गारचिन्ह तेवढं माझं. बाकी सगळं उचललेलं.

माझे बाबा एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये होते. आयुष्य इंजिनं खोलण्यात आणि परत बसवण्यात गेलं. माझं नाव छापून आलेलं असो वा नसो, मी लिहिलेला प्रत्येक चिटोरा ते कात्रीनं नीट कापतात आणि एका बॉक्स फाइलला लावतात. त्या सकाळी चहा पिता पिता त्यांनी चौकट वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कोणी चालवून बघितली का?"

"बाबा, फॅक्ट आहे ती."

"असेल. पण बघितली का कोणी?"

"थिअरेटिकली..."

"थिअरीत लग्न पण मुहूर्तावर लागतं," बाबा म्हणाले आणि पुढच्या पानावर गेले. जाता जाता एक गुगली टाकलीच, "आणि ऑइलचं काय?"

मी मास कॉमवाली. ऑइलचं काय, म्हणजे काय? मला त्या वेळी प्रश्नच कळला नाही. कळला ते एवढंच, की माझ्याच घरात माझ्या छापील शब्दावर पहिल्यांदा कोणीतरी शंका घेतलीये, आणि माझ्याकडे उत्तर नाहीये. साला, सत्तर शब्दांची चौकट! पण ती डोक्यातून काही जाईना.

आता तुम्ही म्हणाल, सिनेमात तर बघितलंय. बरोबर. १९९७ च्या 'मेन इन ब्लॅक'मध्ये लाल बटण दाबलं की गाडी न्यूयॉर्कच्या बोगद्याच्या छतावरून ट्रॅफिकच्या डोक्यावरून पळते. २०१० मध्ये मर्सिडीजनं एक जाहिरात केली, त्यात खुद्द मायकेल शूमाखर बोगद्याच्या भिंतीवरून छतावर आणि छतावरून पुन्हा खाली येतो. पण सिनेमा तो सिनेमा आणि जाहिरात ती जाहिरात. बाबांच्या 'बघितली का कोणी'मध्ये या दोन्ही गोष्टी बसत नाहीत.

मग एका रविवारी मी हट्टालाच पेटले. म्हटलं, मला समजावून सांगा. बाबांनी बाथरूममधून बादली आणली. अर्धी भरली, बाल्कनीत उभे राहिले आणि गरागरा फिरवली. पाणी सांडलं नाही. हा खेळ लहानपणी आपण सगळ्यांनी केलाय.

"हे झालं लूप," बाबा म्हणाले. "आता हीच बादली डोक्यावर उलटी धर आणि सरळ किचनपर्यंत चालत जा."

बस्स. अर्धं फिजिक्स तिथेच संपलं.

गोल रिंगणातून गाडी उलटी नेणं आणि सरळ बोगद्याच्या छतावरून गाडी उलटी नेणं या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. लूपमध्ये गाडीला धरून ठेवतं ते वळण. गाडीला सरळ जायचं असतं, ट्रॅक तिला वळवत राहतो आणि त्यामुळे चाकं ट्रॅकवर दाबली जातात. त्याला काही फार भन्नाट गाडी लागत नाही. २००९ मध्ये ब्रिटनच्या 'फिफ्थ गिअर' या टीव्ही शोमध्ये स्टीव्ह ट्रुग्लिया या स्टंटमननं टोयोटा आयगो, म्हणजे चक्क एक टिल्ली हॅचबॅक, सुमारे बारा मीटर उंचीच्या लूपमधून फिरवून दाखवली. गणित केलं तर अशा लूपच्या माथ्यावर ताशी अठ्ठावीस-एक किलोमीटरचा वेग पुरतो. तेवढ्या वेगानं आपण लक्ष्मी रोडवर स्कूटी चालवतो. म्हणजे, गर्दी नसेल त्या दिवशी. २०१५ मध्ये टेरी ग्रँटनं जॅग्वारची एफ-पेस, एवढी धिप्पाड एसयूव्ही, फ्रँकफर्टला याहून कितीतरी मोठ्या लूपमधून काढली. त्यात त्याच्या अंगावर साडेसहा जी एवढा दाब आला होता. साडेसहा माणसांचं वजन एका माणसावर.

जत्रेतला 'मौत का कुआं' आठवतोय? तोही याच घराण्यातला. आजोळच्या जत्रेत मी सात-आठ वर्षांची असताना बाबांच्या खांद्यावर बसून बघितलाय. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मारुती ८००, दारातून अर्धा बाहेर आलेला ड्रायव्हर आणि त्यानं लोकांच्या हातातून अलगद उचललेल्या दहा-दहाच्या नोटा. सगळे ड्रायव्हरकडे बघत होते. बाबा फळ्यांचे बोल्ट बघत होते. तिथेही गाडी गोल फिरतेय म्हणून भिंतीवर टिकते. विहीर उलगडून सरळ भिंत केली, तर ती गाडी पहिल्याच सेकंदाला खाली.

बोगद्यात वळण नाही. तिथे दुसरं काहीतरी हवं, आणि ते म्हणजे हवा.

एफ वनची गाडी म्हणजे, ढोबळमानानं सांगायचं तर, उलटं लावलेलं विमान. विमानाचा पंख हवेत वर उचलला जातो. इथे पुढचा पंख, मागचा पंख आणि गाडीची पोटाखालची बाजू असे काही घडवलेले असतात, की हवा गाडीला रस्त्यावर दाबते. हा डाउनफोर्स. यातली ग्यानबाची मेख अशी, की तो वेगाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतो. वेग दुप्पट, दाब चौपट. २०२५ च्या नियमांप्रमाणे गाडीचं किमान वजन ड्रायव्हरसकट आठशे किलो होतं. साधारण दीडशेच्या आसपासच्या वेगाला डाउनफोर्स या वजनाएवढा होतो, असं मानतात. आपण दीडशेच धरू.

म्हणजे दीडशेच्या वेगानं गाडी छताला चिकटेल? चिकटेल, पण जेमतेम. खाली खेचणारं वजन आठशे, वर दाबणारी हवा आठशे. बाकी शून्य. चाकं छताला नुसती टेकलेली. स्टिअरिंग फिरवलं तर गाडी वळणार नाही, पाय दिला तर चाकं जागच्या जागी फिरतील. ग्रिप यायला चाकांवर जास्तीचा भार हवा. डाउनफोर्स वजनाच्या दुप्पट झाला, तर छतावरच्या टायरना उभ्या गाडीचं वजन रस्त्यावर असल्यासारखं वाटेल. त्याला वेग लागतो ताशी दोनशे बारा. हा हिशेब मी स्वतः केलाय, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर, आणि बाबांनी तो वहीवर तपासलाय. मोनॅकोच्या शर्यतीत एक बोगदा आहेच, आणि तिथे गाड्या अडीचशेच्या वर पळतात. म्हणून तर ही अफवा त्या बोगद्याभोवती फिरत राहते. कागदावर माझी चौकट पास!

मी जिंकल्याच्या थाटात बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "ठीक. आता ऑइल."

तर ऑइल. आपल्या साध्या गाडीच्या इंजिनाखाली एक चेंबर असतं, त्यात ऑइल साठतं. तळाशी जाळी, जाळीतून पंप ऑइल ओढतो आणि सगळीकडे पोचवतो. गाडी उलटी केली, की चेंबरचा तळ वर आणि ऑइल भलतीकडे. पंप ओढणार नुसती हवा. थोड्या वेळात बेअरिंग कोरडी, इंजिन जाम. एफ वनच्या इंजिनात ऑइल खाली साठवत नाहीत, वेगळ्या टाकीत ठेवतात आणि पंपांनी फिरवतात. पण ती टाकी आणि ते पंपही 'खाली' नावाची दिशा गृहीत धरूनच बनवलेत. पेट्रोलच्या टाकीचंही तेच. कसरती करणाऱ्या विमानांत यासाठी खास वेगळी व्यवस्था करतात, रेसिंग कारमध्ये तिची कधी गरजच पडलेली नाही. आता इंजिन बंद पडलं तर काय होईल सांगा. वेग कमी, वेग कमी म्हणजे हवेचा दाब कमी, आणि...

थांबली की पडली. फ्रीलान्सरला हे वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यांत जास्त भिडली ती मात्र ड्रायव्हरची गोष्ट. लूपमध्ये ड्रायव्हर सीटमध्ये दाबला जातो, त्याला उलटं असल्यासारखं वाटतसुद्धा नाही. बोगद्याच्या छतावर हवा दाबते ती गाडीला. ड्रायव्हरला नाही! तो बिचारा पट्ट्यांवर लटकतोय, रक्त डोक्यात उतरतंय, हेल्मेट खाली ओढलं जातंय, आणि त्याला सेकंदाला एकोणसाठ मीटर या स्पीडनं दिव्यांच्या आणि केबलच्या मधून स्टिअर करायचंय. घाबरलं की आपण काय करतो? पहिल्यांदा ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. ड्रायव्हिंग स्कूलपासून अंगात मुरलेली सवय ती. इथे नेमकं तेच करायचं नाही. शिवाय जमिनीवरून छतावर जायला स्क्रूच्या आट्यासारखा पिळत जाणारा, गुळगुळीत रस्ता बांधायला हवा, आणि उतरायला तसाच दुसरा. एकही एफ वन टीम या भानगडीत पडलेली नाही, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

म्हणजे २०१९ च्या सकाळी बाबांनी चहाच्या घोटाबरोबर विचारलेले दोन प्रश्न हेच या प्रकरणातले खरे प्रश्न होते. मी गुगल करत बसले होते.

या गोष्टीला एक ट्विस्ट आहे, आणि तो एका पंख्याचा आहे. वेगाशिवाय दाब तयार करायचा तर गाडीच्या पोटाखालची हवा पंख्यानं ओढून काढायची, व्हॅक्यूम क्लीनरसारखी. आयडिया जुनी आहे. १९७० मध्ये अमेरिकेच्या जिम हॉलनं शॅपरल टू-जे नावाच्या गाडीला मागे दोन पंखे लावले. १९७८ मध्ये गॉर्डन मरीनं ब्रॅबमच्या एफ वन गाडीला मोठाच्या मोठा पंखा बसवला आणि शपथेवर सांगितलं, की तो मुख्यतः इंजिन थंड ठेवायला आहे. निकी लाउडानं त्या गाडीतून स्वीडनची शर्यत आरामात जिंकली. बाकीच्यांनी इतका आरडाओरडा केला, की ती गाडी पुन्हा शर्यतीत दिसली नाही. हे ऐकून बाबा खो-खो हसले. "थंड ठेवायला!" नंतर आठवडाभर घरातला टेबल फॅन लावताना ते हेच म्हणत होते.

आणि मग आला एप्रिल २०२५. ब्रिटनमधल्या मॅकमर्ट्री नावाच्या छोट्या कंपनीची 'स्पिअरलिंग' ही एका सीटची इलेक्ट्रिक गाडी आहे. पोटाखाली पंखे. गाडी जागेवर उभी असतानाही ते दोन हजार किलोचा दाब तयार करतात, असं कंपनी सांगते, आणि गाडीचं वजन त्याच्या निम्म्याच्या आसपास. कंपनीचा सहसंस्थापक थॉमस येट्स स्वतः आत बसला. गाडी एका फिरत्या सांगाड्यावर चढली, सांगाडा पूर्ण उलटा झाला, गाडी लटकली नाही की पडली नाही. आणि मग ती उलट्या अवस्थेत, स्वतःच्या चाकांवर, हळूच थोडी पुढे गेली. थांबली. पुन्हा सुलटी झाली.

तो व्हिडिओ मी ऑफिसच्या कॅफेटेरियात बघितला, एका क्लायंटच्या मीटिंगची वाट बघत. मीटिंगमध्ये काय झालं मला आठवत नाही. सहाची लोकल पकडून थेट दापोडी.

बाबांनी व्हिडिओ तीनदा बघितला. एकदा आवाज बंद करून. पंखे सुरू होतानाचा तो शिट्टीसारखा आवाज त्यांना मध्ये येत होता म्हणे.

"ऑइल?" मी विचारलं. या वेळी मी.

"मोटरवर चालते ना. चेंबरच नाही." त्यांनी मान डोलावली. "हुशार आहेत पोरं. आणि मालक स्वतः बसला, हे बरं केलं."

"म्हणजे माझी चौकट खरी ठरली."

ते काही बोलले नाहीत. उठून कपाटातून बॉक्स फाइल काढली. मला वाटत होतं, ते कात्रण त्यांनी लावलंच नसणार. होतं. पिवळं पडलेलं, २०१९ च्या पावसाळ्याच्या सगळ्या फुटकळ चौकटींच्या मधोमध, आणि समासात पेन्सिलनं काढलेलं एक मोठं प्रश्नचिन्ह. बाकी कुठल्याच कात्रणावर तसलं काही नव्हतं. मी भराभर सगळी उलटून बघितली.

"खोडरबर देऊ?" मी म्हटलं.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, खिशातली पेन्सिल काढली आणि प्रश्नचिन्हाशेजारी, वर्कशॉपच्या जॉब कार्डवर लिहायचे त्याच तिरक्या अक्षरात लिहिलं : 'पंखा लावून जमले. एप्रिल २०२५. बोगदा बाकी.'